प्लेसमेंटच्या आकड्याबाहेरचा विद्यार्थी

(संलग्नित महाविद्यालयांतल्या करिअर मार्गदर्शन कक्षांच्या समन्वयकांसाठी झालेल्या कार्यशाळेतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बसलेल्या बहुतेकांच्या नावापुढे आज ‘समन्वयक, करिअर मार्गदर्शन व प्लेसमेंट कक्ष’ असं लिहिलेलं आहे. पण नेमणुकीचं पत्र काढून पाहिलं तर तिथे भूगोलाचे सहायक प्राध्यापक असेल, वाणिज्य विभागप्रमुख असेल, नाहीतर सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे शिक्षक असेल. जूनमध्ये समित्यांची यादी नोटीस बोर्डावर लागते. कुणाला सांस्कृतिक विभाग मिळतो, कुणाला परीक्षा, आणि कुणाला हा कक्ष. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. एखाद्या मुलीशी तिच्या पुढच्या आयुष्याबद्दल बोलण्यात गेलेला अर्धा तास त्या सोळा तासांत धरला जात नाही. तो आपण डब्याच्या सुट्टीतून काढतो, नाहीतर शेवटची एसटी निघायच्या आधी घाईघाईने उरकतो. जे सीएचबीवर आहेत त्यांचं तर मानधनच तासावर ठरतं. त्यांनी या कामाला दिलेला प्रत्येक तास हा पदरमोड करून दिलेला असतो, हे या व्यासपीठावरून स्पष्टपणे बोललं गेलं पाहिजे.

अडचणींची यादी करायला बसलो तर संध्याकाळ होईल. मला त्या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या एका प्रश्नावर बोलायचं आहे: आपण नक्की कुणाचे? संस्थेला आपल्याकडून आकडा हवा असतो. कंपनीला कमी पगारात टिकणारी मुलं हवी असतात. समोर बसलेल्या मुलाला मात्र आपल्याशी खरं बोलणारं एक शहाणं माणूस हवं असतं. या तिघांचं नेहमी जमत नाही. जमत नाही तेव्हा आपण विद्यार्थ्याचे असतो, असं माझं ठाम मत आहे. ते अमलात आणणं किती कठीण आहे, हेही मला माहीत आहे.

आकड्यापासून सुरुवात करतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचा पाचवा निकष आपल्याला तोंडपाठ असतो: विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती. किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, किती जण स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झाले, या सगळ्याचे पुरावे जोडायचे. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या संस्था-क्रमवारीत, अभियांत्रिकी संस्थांना मध्यम पगार, म्हणजे मीडियन सॅलरीही द्यावी लागते. संस्थांकडे हिशोब मागितला जातो, ते योग्यच आहे. पण हा हिशोब आपल्या सल्ल्यात कसा शिरतो ते पाहा. बी.ए. झालेला मुलगा एम.ए.ला प्रवेश घेतो. पुष्कळदा तो प्रवेश वसतिगृहातली खोली टिकावी, ग्रंथालयाचं कार्ड चालू राहावं आणि घरच्यांना ‘शिकतोय’ असं सांगता यावं म्हणून असतो. तिकडे भरतीची तयारी चाललेली असते. आपल्या तक्त्यात हा मुलगा ‘उच्च शिक्षणाकडे प्रगती’ या रकान्यात जमा होतो. त्याची दोन वर्षं सत्कारणी लागली की वाया गेली, याला त्या तक्त्यात जागा नाही. मग तो विचारायला येतो, “सर, एम.ए. करू का?” तेव्हा ‘कर’ म्हणण्यात आपला फायदा असतो. हा फायदा आपण स्वतःच्या लक्षात ठेवला पाहिजे, आणि त्याला आधी विचारलं पाहिजे: एम.ए. करून काय करायचं आहे? नेट-सेट द्यायची आहे का? प्राध्यापक भरतीची आजची स्थिती माहीत आहे का? विषयाची गोडी असेल तर जरूर कर. पण थांबायला निवारा हवा म्हणून करणार असशील तर तसं स्वतःशी कबूल करून कर.

ऑफर लेटरचंही तेच. मार्चमध्ये एखादी एजन्सी येते, पन्नास मुलांना एका दिवसात पत्रं वाटते, व्हरांड्यात फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी स्थानिक पुरवणीत बातमी येते. ऑगस्टमध्ये त्यातले किती जण कामावर आहेत, हे कुणी विचारत नाही. पत्रात पदनाम काय आहे, पगारातून राहण्या-जेवणाचे किती कापणार आहेत, बाँड आहे का, मूळ कागदपत्रं जमा करून घेणार आहेत का, हे वाचायला आपण मुलांना शिकवलं पाहिजे. कुणी नोंदणीसाठी किंवा प्रशिक्षणासाठी मुलांकडून पैसे मागत असेल, तर त्याला फाटकातूनच परत पाठवायला हवं. ‘ड्राइव्ह झाला’ अशी नोंद कमी पडली तर पडू दे.

दुसरी गोष्ट. आपण जे प्रारूप वापरतो ते आपलं नाही. कंपनीने महाविद्यालयात यायचं, ॲप्टिट्यूड घ्यायची, मुलाखती घ्यायच्या, यादी लावायची, ही अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन संस्थांची पद्धत आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा २०२१-२२ चा अहवाल सांगतो की पदवीला असलेल्या विद्यार्थ्यांपैकी ३४ टक्क्यांहून अधिक कला शाखेत आहेत आणि अभियांत्रिकीत १२ टक्क्यांच्या आत. म्हणजे बारा टक्क्यांसाठी बनलेली रीत आपण सगळ्यांवर चढवतो आणि मग ‘आमच्याकडे कंपन्या येत नाहीत’ म्हणून खिन्न होतो. शिवाय जिथे त्या येतात तिथेही भरवसा उरलेला नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात टीसीएसचं मनुष्यबळ तेरा हजारांहून अधिक आणि इन्फोसिसचं जवळपास सव्वीस हजारांनी कमी झालं. ज्यांच्या भरवशावर अर्ध्या महाराष्ट्राच्या प्लेसमेंटचे फलक रंगतात, त्यांची ही गत. साताऱ्याच्या, परभणीच्या, गडचिरोलीच्या कला महाविद्यालयातल्या समन्वयकाने या स्पर्धेत स्वतःला अपयशी समजायचं काहीच कारण नाही.

आता ज्या विषयावर आपण सगळेच अवघडतो, तिकडे येतो: स्पर्धा परीक्षा. आपल्या वर्गातल्या मुलांना ‘पुढे काय?’ विचारलं की निम्मे हात ‘एमपीएससी’, ‘पोलीस भरती’, ‘तलाठी’ असे वर होतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवत नाही. ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे, ज्याच्या बापाने आयुष्यभर रोजंदारी केली, त्याला महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, पेन्शन आणि गावातला मान हवासा वाटतो. त्याचा हिशोब चूक नाही. पण शक्यता किती आहे, ती त्याला सांगायची जबाबदारी कुणाची? क्लासवाला सांगणार नाही, कारण त्याचं पोट त्यावर आहे. घरचे सांगणार नाहीत, त्यांना ठाऊकच नाही. उरलो आपण.

तलाठी भरती २०२३: ४,६४४ पदं आणि दहा लाखांहून अधिक अर्ज. २०२४ ची पोलीस भरती: सतरा हजारांहून थोडी जास्त पदं आणि सतरा लाखांहून अधिक अर्ज, त्यात अभियंतेसुद्धा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला सुमारे ९ लाख ९२ हजार अर्ज आले, प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५ लाख ८३ हजार, आणि शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. हा मधला आकडा मी मुलांना आवर्जून दाखवतो. अर्ज करून चार लाख जण पेपरलाच बसले नाहीत. ‘तयारी करतोय’ असं म्हणणारे आणि तयारी करणारे यांच्यात केवढं अंतर असतं, ते त्यातून कळतं.

पण आकडे फळ्यावर लिहून काम होत नाही. प्रत्येकाला वाटतं, त्या शंभरातला एक मीच. बोलणं व्हायला हवं ते एकेकट्याशी. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला आमचा एक विद्यार्थी पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून राहत होता. ट्रान्स्क्रिप्टच्या कामाला आला तेव्हा बसवून घेतला. बोलता बोलता म्हणाला, “गावी गेलं की पारावर पहिला प्रश्न, पोस्ट निघाली का? म्हणून दिवाळीलाही जात नाही, सर.” मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि त्यालाच लिहायला सांगितलं. वय. दिलेल्या परीक्षा. प्रत्येक परीक्षेत कुठल्या टप्प्यावर अडकला आणि कट-ऑफपासून किती लांब राहिला. खोली, मेस, अभ्यासिका आणि टेस्ट सिरीज मिळून घरून महिन्याला किती पैसे येतात आणि ते नेमके कुणाच्या कमाईतून. धाकट्या बहिणीचं शिक्षण कुठवर आलं. शेवटची ओळ लिहिताना तो थांबला, बराच वेळ थांबला. मी काही बोललो नाही. मग त्यानेच विचारलं, “कुरकुंभला क्यूसीमध्ये घेतात का अजून?” म्हणजे तिथल्या रासायनिक कारखान्यांच्या गुणवत्ता तपासणीत.

मी त्याला परीक्षा सोड म्हटलं नाही. म्हणायचा मला अधिकार नाही. एवढंच सांगितलं की थांबण्याची तारीख स्वतः ठरव, आज ठरव, आणि घरी एका माणसाला तरी ती सांग. आपल्याकडे राज्य सरकारच्या बहुतेक पदांसाठी खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वयोमर्यादा आहे. त्यामुळे दार बंद होतच नाही, आणि उघड्या दारापुढे माणूस वर्षानुवर्षं उभा राहतो. त्यातच २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. जी मुलं बहुपर्यायी प्रश्नांवर पाच-पाच वर्षं घासून तयार झाली, त्यांना आता पानंच्या पानं लिहायची आहेत. त्यांच्याशी या बदलाबद्दल बोलताना ‘होईल सगळं’ म्हणू नका. त्यांच्याकडून एक उत्तर लिहून घ्या, मराठी विभागातल्या सहकाऱ्याला तपासायला द्या. तेवढ्याने त्यांना आपण कुठे आहोत ते कळतं.

पाश्चात्य देशांत हे काम शंभर वर्षांहून जुनं आहे. १९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं. त्यांची मांडणी साधी होती: स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, मग दोन्हींचा विचारपूर्वक मेळ घाला. आजही पुष्कळ चाचण्या याच पायावर उभ्या आहेत. मला त्या मांडणीबद्दल आदर आहे, पण तिच्यात निर्णय घेणारा माणूस एकटा आहे. आपला विद्यार्थी एकटा निर्णय घेत नाही. त्याच्या निर्णयात आई, चुलता, गहाण पडलेली जमीन आणि बहिणीचं लग्न एवढे सगळे बसलेले असतात.

मुलींच्या बाबतीत तर फारच. २०२४ पासून राज्य शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. फार चांगलं झालं. प्रवेशापर्यंतचा अडसर त्याने थोडा हलका केला. पदवीनंतरचा अडसर तसाच आहे. टी.वाय.बी.कॉम.ची एक मुलगी एकदा मला म्हणाली, “मला काय जमेल ते मला कळलंय. घरी काय सांगू ते सांगा.” तिला एका कारखान्याच्या लेखा विभागात काम मिळत होतं, पस्तीसेक किलोमीटरवर. वडिलांची हरकत नोकरीला नव्हती, येण्या-जाण्याला होती. तेव्हा कामाला आलं ते हे: कंपनीची बस कुठल्या फाट्यावर किती वाजता थांबते, त्या बसमध्ये आणखी कोणत्या गावच्या मुली असतात, जनरल शिफ्ट किती वाजता सुटते, महिन्याअखेरीला थांबावं लागलं तर घरी कोण सोडतं. दोन वर्षांपूर्वी तिथे लागलेल्या माजी विद्यार्थिनीने तिच्या आईशी फोनवर वीस मिनिटं बोलून हे सगळं सांगितलं. ती मुलगी रुजू झाली. बसची वेळ माहीत असणं हाही आपल्या व्यवसायातल्या ज्ञानाचाच भाग आहे, असं मी मानतो.

म्हणून प्रत्येक कक्षाकडे आपल्या परिसराचा नकाशा हवा. पन्नास किलोमीटरच्या आत कोण कोण काम देतं? एमआयडीसी, साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, सनदी लेखापालांची कार्यालयं, रुग्णालयं, शेतमाल प्रक्रिया करणारे, वाहतूकदार. यांतल्या कुणाला कधी माणूस लागतो? हा नकाशा इंटरनेटवर मिळत नाही. तो फिरून करावा लागतो, आणि विद्यार्थ्यांकडूनच फिल्ड प्रोजेक्ट म्हणून करून घेता येतो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या नकाशाची गरज तातडीची केली आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंगला चार श्रेयांक आहेत, म्हणजे १२० तास. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात तीनशे मुलं एकाच सत्रात बाहेर पडतात आणि गावात घेणारे हात दहा. मग मामाच्या दुकानाचा शिक्का मारलेलं प्रमाणपत्र येतं. आपण ते फाईलला लावतो, श्रेयांक जमा होतात आणि मुलगा काही न शिकता बाहेर पडतो. या खोट्यात मुलांना ढकलण्यापेक्षा सत्राच्या सुरुवातीलाच तुकड्या पाडून, वेगवेगळ्या महिन्यांत पाठवण्याची परवानगी विद्यापीठाकडे मागितली पाहिजे. आणि मामाचंच दुकान असेल तर तेही चालेल, पण तिथला जीएसटीचा हिशोब, उधारीची वही आणि माल भरण्याचं गणित शिकून त्यावर दहा पानं लिहून आण, असं सांगता येतं.

शिकाऊ उमेदवारीची वाट आपण फारच कमी वापरतो. १९६१ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही ती खुली झाली. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन ९,००० रुपये ठरवलं, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत त्यातला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. ही योजना चालवणारं पश्चिम विभागाचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ मुंबईत शीवला आहे. बी.कॉम., बी.ए.च्या मुलांना हे ठाऊक नसतं आणि छोट्या कारखानदारालाही नसतं. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १०,००० मिळतात. तीही सुचवावी, मात्र हे प्रशिक्षण आहे, मुदत संपली की संपतं, हे पहिल्याच दिवशी सांगून. ग्रामपंचायतीत किंवा तहसीलमध्ये टेबल मिळालं की मुलांना वाटतं आता कायम होणार. ती आशा वाढू दिली तर पुढचं दुःख आपण वाढवलेलं असतं.

चाचण्यांबद्दल थोडक्यात. अभिरुची आणि अभिक्षमतेच्या प्रमाणित चाचण्या प्रशिक्षित माणसाने घेतल्या आणि नंतर बसून समजावल्या तर उपयोगी पडतात. बोटांच्या ठशांवरून मेंदू आणि करिअर सांगणाऱ्या डीएमआयटीला शास्त्रीय आधार नाही. तिची जाहिरात करणारा माणूस हजारो रुपयांचं पॅकेज घेऊन तुमच्याकडे येईल, महाविद्यालयाला हिस्साही देऊ करेल. त्याला मुलांसमोर उभं करू नका. करिअर समुपदेशक ही पाटी आपल्याकडे कुणीही लावू शकतो, त्यासाठी परवाना लागत नाही, म्हणून चाळणी आपणच लावायची. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले बायोडेटा आता सगळ्यांचे सारखे दिसतात. त्यावर उपाय एकच, मुलाला त्याने स्वतः केलेल्या एका कामाबद्दल पाच मिनिटं तोंडी बोलायला लावणं.

शेवटचा मुद्दा गंभीर आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असं त्यात आहे. काही ठिकाणी या रकान्यात आपलंच नाव लिहिलं जाण्याची शक्यता आहे. ते होऊ देऊ नका. भरतीत चौथ्यांदा अपयश आलेला मुलगा आपल्यासमोरच पहिल्यांदा मोडून पडतो हे खरं आहे. त्याचं ऐकून घेणं, त्याला एकटं न सोडणं, टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देऊन त्याच्यादेखत तो लावणं, जवळच्या जिल्हा रुग्णालयात कुणाला भेटायचं ते माहीत असणं, एवढं आपलं काम. उपचार हे आपलं काम नाही. आणि त्याने जे सांगितलं ते स्टाफरूमच्या चहापर्यंत पोचता कामा नये. कपाटांच्या आडोशाला दोन खुर्च्या टाकून ‘कक्ष’ केला असेल तर तिथे कुणी मन मोकळं करणार नाही.

प्राचार्यांना द्यायच्या पत्राचा एक मसुदा मी करून आणला आहे, तुमच्या फाईलमध्ये तो शेवटच्या पानावर आहे. त्यात तीन मागण्या आहेत. समन्वयकाचे आठवड्याचे चार तास वेळापत्रकात लिहून द्यावेत, आणि समन्वयक सीएचबीवर असेल तर त्या तासांचं मानधन द्यावं. दार लावता येईल अशी एक खोली द्यावी. आणि पास झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वर्षांनी फोन करून तो काय करतो, समाधानी आहे का, हे विचारण्यासाठी कार्यालयातला एक माणूस वर्षातून पंधरा दिवस मोकळा करावा. तिसऱ्या मागणीवर पैशांचा प्रश्न निघेल. तेव्हा कमवा आणि शिका योजनेतल्या विद्यार्थ्यांना हे काम देता येईल का, याचा विचार करून ठेवा. जेवणानंतर चार-चारच्या गटांत बसू. मसुद्यात तुमच्या महाविद्यालयाला न जुळणारं जे असेल ते खोडा, तुमच्याकडचं घाला, आणि निघताना सही करून प्रत बरोबर न्या.